पेनहॅरोची खाडी स्वच्छ आहे

दोराच्या एका मीटरवर चारशे सदतीस काळे शिंपले होते. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठे तीनशे साठ, त्याहून लहान अठ्ठावन्न, आणि मेलेले, म्हणजे उघडे पडून आत गाळ भरलेले, एकोणीस. शिवाय तीन खेकडे आणि एक तारामासा. सगळ्याचं मिळून वजन साडेअकरा किलो भरलं. वेळेवर काढणी होणाऱ्या दोरावर मी कधी सात किलोंच्या वर मोजलं नव्हतं.

"आता हा बघ," म्हणून, खाडीत दोरांवर शिंपल्यांची शेती करणाऱ्या हेडली काकांनी शेजारचा दोर पाण्यातून ओढला. तो अर्धा वर आला आणि एकदम हलका झाला. खालच्या भागावर नुसतं हिरवट शेवाळ होतं. शिंपले आपल्याच वजनाने सुटून चिखलात गेले होते.

"वरून वाढताहेत आणि खालून गळताहेत," काका म्हणाले. "काढायला हवेत. पण काढून देऊ कुणाला, टॅम्सिन? सीगलना?"

मोजणं हे माझं काम नव्हतं. माझं काम नमुना घेण्याचं. एका ठरलेल्या जागेवरून मूठभर शिंपले काढायचे, धुवायचे, थंड पेटीत घालून शहरातल्या प्रयोगशाळेत न्यायचे आणि त्यात मैल्यातले जंतू किती आहेत ते पाहायचं. तिथे मी आणि आणखी दोघं. शिंपल्याचं मांस वाटून ते जांभळ्या पाण्याच्या पंधरा नळ्यांमध्ये घालतो. पाच नळ्यांची एक रांग, अशा तीन रांगा, प्रत्येक पुढच्या रांगेत मांस दहापट कमी. जंतू असले की पाणी पिवळं होतं. मग पिवळ्या नळ्यांतला थेंब ताटलीवर ओढायचा आणि दुसऱ्या दिवशी निळे-हिरवे ठिपके उगवले का ते बघायचं. कुठल्या रांगेतल्या किती नळ्यांत जंतू निघाले ते छापील तक्त्यात पाहिलं की आकडा मिळतो. वाद घालायला त्यात जागा नसते, म्हणून मला हे काम आवडतं.

त्या वर्षी पेनहॅरोच्या खाडीला या आकड्यांवाचून दुसरा आधार नव्हता. आमची खाडी 'ब' वर्गातली. म्हणजे तिथले शिंपले खाण्याआधी स्वच्छ पाण्याच्या टाक्यांत दोन दिवस ठेवावे लागतात. पूर्वी त्याची कुणाला फिकीर नव्हती. दर आठवड्याला ट्रक यायचा, शिंपले जिवंत समुद्रापार हॉलंडला जायचे, आणि तिकडच्या टाक्यांत स्वच्छ होऊन तिकडच्याच लोकांच्या ताटात पडायचे. मग आपण, म्हणजे ब्रिटन, युरोपीय संघातून बाहेर पडलो. बाहेरच्या देशातून 'ब' वर्गाचे जिवंत शिंपले घ्यायचे नाहीत, हा त्यांचा नियम जुनाच होता. फक्त आपण आता बाहेरचे झालो होतो. 'अ' वर्ग असेल तर चालतं. म्हणून काकांनी वर्ग बदलण्यासाठी अर्ज केला होता. अटी दोन: शंभर ग्रॅम मांसामागे जंतूंचा आकडा बहुतेक नमुन्यांत दोनशे तीसच्या आत हवा, आणि एकही सातशेच्या वर जाता कामा नये. दहा नमुने घ्यायचे, तारखा आधी ठरलेल्या. नऊ झाले होते. वसंतातल्या पावसानंतर एकदा तीनशे तीस आला होता, बाकी सगळे आत. दहावा पुढच्या मंगळवारी सकाळी होता.

मारिनस हा काकांचा वीस वर्षांपासूनचा हॉलंडचा गिऱ्हाईक. तो फोनवर म्हणाला होता, "हेडली, बाहेर तुम्ही पडलात, शिंपले नाही पडले. हे मला कळतं, पण कागदाला कळत नाही. महिनाअखेरपर्यंत थांबतो. नाहीतर आयर्लंडशी करार करावा लागेल. माझ्याही पोरांना जेवायला लागतं."

काकांनी स्वतः बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिलं होतं. ते त्यांनी कधी लपवलं नाही.

---

त्यांची थोरली बहीण, लव्हडे बाई, दुसऱ्या बाजूची. लहानपणी रविवारच्या शाळेत त्यांनी मला शिकवलंय. आता पाण्यालगतच्या मेथडिस्ट चॅपलची, म्हणजे तिथल्या छोट्या चर्चची, किल्ली त्यांच्याकडे असते. मतदानाच्या निकालाच्या सकाळी धक्क्यावर त्या भावाला म्हणाल्या होत्या, "बापाच्या नावेला भोक पाडलंस तू." त्यावर काका म्हणाले होते, "नाव माझी आहे. तू किनाऱ्यावर बस." तेव्हापासून पाच वर्षं दोघांचं बोलणं नव्हतं. गावही तसंच झालं होतं. बाहेर पडायचं म्हणणारे 'अँकर'मध्ये पितात, राहायचं म्हणणारे 'पायलट बोट'मध्ये. दोन्ही पब एकाच रस्त्यावर समोरासमोर आहेत, त्यामुळे उन्हाळ्यात बाहेरून येणाऱ्या लोकांना, ज्यांना आम्ही मुंग्या म्हणतो, ते सगळं फार मजेचं वाटतं.

गुरुवारी मी नमुन्याची पेटी गाडीत ठेवत होते, तेव्हा लव्हडे बाई आल्या.

"सोमवारी संध्याकाळी सभा ठेवली आहे," त्या म्हणाल्या. "शिंपल्यांसाठी. गावाने मिळून सरकारला ठराव पाठवायचा. खासदारांचा माणूस येणार आहे. त्यालाही यायला सांग."

"कुणाला?"

"माहीत आहे तुला कुणाला."

"तुम्हीच सांगा ना, बाई. बोट समोर दिसतेय."

"दिसतेय मला. मी आंधळी नाही, फक्त बोलत नाही."

"कुठे ठेवलीय सभा?"

"चॅपलच्या सभागृहात. 'अँकर'मध्ये ठेवली तर अर्धं गाव येणार नाही, 'पायलट बोट'मध्ये ठेवली तर दुसरं अर्धं. चॅपलमध्ये सगळ्यांनाच सारखं अवघडल्यासारखं होतं."

मला ते पटलं. किती नीट पटलं होतं ते मला अजून आठवतं. गावात दुसरी तटस्थ जागाच नव्हती.

---

सोमवारी मी लवकर पोचले, तरी शेवटच्या रांगेत जागा मिळाली. एरवी रविवारी प्रार्थनेला तिथे अकरा-बारा माणसं असतात. त्या दिवशी मी एकशे ऐंशीपर्यंत मोजली आणि मग दाराशी लोक उभे राहू लागल्यावर सोडून दिलं. मधल्या वाटेच्या डावीकडे 'अँकर'वाले, उजवीकडे 'पायलट बोट'वाले. न जुळलेल्या लग्नात दोन्ही पक्ष बसावेत तसे. हेडली काका डावीकडे, खिडकीजवळ, टोपी गुडघ्यावर.

लव्हडे बाईंनी घंटी वाजवली.

"इथे दारू, शिव्या आणि मोबाईल चालणार नाहीत. चहा हवा तेवढा. केशराचे गोड पाव एकेक घ्या, रॉयस्टन, तुलाही एकच."

"मी अजून हातसुद्धा लावला नाही, लव्हडे," मागून रॉयस्टन म्हणाला. तो ट्रॉलरवाला, काकांचा जुना दोस्त.

"तुझा खिसा मला इथून दिसतोय."

लोक हसले. दोन्हीकडचे एकदम हसले, आणि मग आपण एकत्र हसलो हे लक्षात येऊन थांबले.

चॅपलच्या चहाची एक रीत आहे. रिकामा कप बशीत सरळ ठेवला की बायका येऊन तो भरतात. कप पालथा घातला म्हणजे तुम्ही निघालात. आभार मानायचे आणि उठायचं. एरवी लोक दोन कपांनंतर पालथा घालतात. त्या संध्याकाळी पहिला कप कोण पालथा घालतो याकडे दोन्ही बाजू डोळा ठेवून होत्या. उठून जाणारा हरला, असं काहीतरी सगळ्यांनी न बोलता ठरवलं होतं. म्हणून कुणीच घालत नव्हतं.

खासदारांचा माणूस तरुण होता, कोऱ्या रबरी बुटांत आला होता. तो म्हणाला, "नव्या व्यवस्थेत सुरुवातीला थोडी कुरकुर होणारच. थोडा धीर धरायला हवा."

"धीर शिंपल्यांना धरायला सांगा," उजवीकडून एक बाई म्हणाल्या. "ते दोर सोडून चाललेत."

"युरोपने नियमाचा बाऊ केला आहे, हे आपण समजून घ्यायला हवं. शिंपले तेच आहेत, पाणी तेच आहे."

"नियमही तोच आहे," पहिल्या रांगेतला शाळेचा मास्तर म्हणाला. "तो लिहिताना आपण त्याच टेबलाशी बसलो होतो. हातही वर केला होता."

"तुझ्या टेबलाशी बसून माझी मासळी बेल्जियमवाल्यांनी नेली," रॉयस्टन म्हणाला. "तेव्हा हा मास्तर कुठे होता? कोडी सोडवत होता?"

"आणि आता मिळाली तुला मासळी?"

"मिळेल."

"केव्हा?"

"मिळेल म्हणालो ना."

"पाच वर्षं तू हेच म्हणतोयस, रॉयस्टन. तुझ्या नातीचं एव्हाना शाळेत नाव घातलं."

असा तासभर गेला. ठरावाचं पहिलं वाक्य ठरेना. डावीकडच्यांना हवं होतं, 'युरोपच्या आडमुठेपणामुळे आमच्या गावावर संकट आलं आहे.' उजवीकडच्यांना, 'आमच्याच सरकारच्या गलथानपणामुळे.' मास्तरने 'सद्य परिस्थितीमुळे' सुचवलं, तर दोन्हीकडून लोक त्याच्यावर ओरडले. फळ्यावर लिहिणं आणि पुसणं चालू होतं, आणि मधून बायका किटल्या घेऊन फिरत होत्या. दोन मोठी पिंपं भरून पाणी उकळत होतं. ती रिकामी होऊन पुन्हा भरली गेली होती. बाजूच्या बोळात दोन शौचालयं, आणि त्यांच्यापुढची रांग दारापर्यंत आली होती.

मी त्या रांगेत उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा फ्लशची साखळी ओढली आणि पाणी खाली जायच्याऐवजी वर चढलं. काठाशी येऊन थांबलं आणि सावकाश, गुळगुळ आवाज करत उतरलं. वास आला.

मला कळायला फार वेळ लागला नाही. गावाची सांडपाण्याची नळी वरच्या रस्त्याने गेली आहे, चॅपल खाली पाण्यालगत. तिथून मैला वर चढवायला कुणी खर्च केला नाही. चॅपलला स्वतःची जमिनीतली जुनी टाकी आहे. अकरा माणसांसाठी ती कितीही वर्षं पुरते. ती भरली तर तिचं जास्तीचं पाणी एका मातीच्या नळीने खाडीत जातं. ती नळी मला माहीत होती, कारण आमची नमुना घेण्याची जागा तिच्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. नियमच आहे तसा: खाडीतली सगळ्यात वाईट जागा शोधायची आणि तिथलेच शिंपले तपासायचे, म्हणजे बाकीचे नक्की बरे असतात.

मी हिशेब केला. दोनशे माणसं, प्रत्येकी दोनदा, एका साखळीला नऊ लिटर. टाकीत मावेल त्याहून ते बरंच जास्त होतं, आणि सभा अजून संपली नव्हती. उद्या सकाळी ओहोटीला नमुना होता.

लव्हडे बाई पिंपाशी उभ्या होत्या. मी त्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं.

त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "शिंपले पितात का ते?"

"तासाभरात एक-दोन लिटर पाणी गाळतो एकेक शिंपला. त्यातलं सगळं आत ठेवतो."

"आणि बाहेर टाकतो?"

"टाकतो. दोन-तीन दिवसांनी. उद्यापर्यंत नाही."

"म्हणजे मला आत्ता सभा बंद करायला हवी."

"आत्ताच."

त्यांनी घंटीला हात घातला. त्याच वेळी खिडकीजवळ खुर्ची सरकली आणि हेडली काका उभे राहिले.

काका बोलणारे नाहीत. वडिलांच्या अंत्यविधीला दोन शब्द बोला म्हटल्यावर ते चर्चबाहेर जाऊन उभे राहिले होते, असं मी ऐकलं होतं.

"मी बाहेर पडायला मत दिलं," ते म्हणाले. टोपी हातात फिरत होती. "का दिलं ते कुणी विचारलं नाही. 'अँकर'मध्ये विचारायची गरज नव्हती आणि 'पायलट बोट'मध्ये मी जात नाही. तर सांगतो. रॉयस्टनची बोट तेव्हा पाच महिने धक्क्याला बांधून होती. मासे समोर पोहतायत आणि धरायची परवानगी नाही. तो रोज येऊन बोटीत बसायचा. इंजिन चालू करायचा आणि बंद करायचा. ते मला ऐकू यायचं. मला वाटलं, माझे शिंपले काय, जातच राहतील, लोकांना खायचे आहेत ते. ह्याचं काहीतरी होऊ दे. म्हणून दिलं."

रॉयस्टन खाली बघत होता.

"त्याचं काही झालं नाही," काका म्हणाले. "माझंही नाही. कुणी फसवलं म्हणून मी रडत नाही. मी वाचायला हवं होतं. पण मी मूर्ख म्हणून दिलं नाही, एवढं मला इथे एका माणसाला सांगायचं होतं."

ते कुणाकडे बघून बोलले ते सगळ्यांनी पाहिलं. लव्हडे बाईंचा हात घंटीवरच होता.

"बाई," मी हळू म्हणाले.

"बोलू दे त्याला," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं मी हे ऐकायला थांबले आहे."

"बोलून झालं त्यांचं."

"नाही झालं. मला ओळखू येतं."

त्यांनी दोन्ही पिंपांची बटणं बंद केली, बोळात जाऊन एका शौचालयाला कुलूप लावलं, आणि परत येऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. घंटी त्यांनी वाजवली नाही. काका आणखी बराच वेळ बोलले. दोरांविषयी, बापाविषयी, मारिनसच्या पोरांविषयी. मग रॉयस्टन उठला. मग मास्तर उठला आणि म्हणाला की त्याने पाच वर्षांत काकांना एकदाही नमस्कार केला नाही आणि ते बरोबर नव्हतं. पिंपं बंद झालेली पाहून स्वयंपाकघरातल्या बायकांनी ती पुन्हा चालू केली. त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं.

शेवटी लव्हडे बाई पुढे आल्या आणि त्यांनी फळा पुसला.

"कुणामुळे झालं ते तुम्ही मरेपर्यंत ठरणार नाही," त्या म्हणाल्या. "जे आपल्याला माहीत आहे तेवढंच लिहू." आणि खडूने लिहिलं: 'पेनहॅरोची खाडी स्वच्छ आहे.'

"ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

दोन्हीकडचे सगळे हात वर गेले. खासदारांच्या माणसानेही केला, मग खाली घेतला, कारण तो गावचा नव्हता. पाच वर्षांपूर्वीच्या मतदानानंतर पेनहॅरोत एकमताने झालेली ही पहिली गोष्ट होती. लोक टाळ्या वाजवायला लागले. माझे हात मांडीवर होते. शेजारच्या म्हातारीने मला कोपर मारलं. "पोरी, तू तर रोज तपासतेस. तुझा हात नको वर?"

मी हात वर केला.

मग सगळ्यांनी कप पालथे घातले. जवळजवळ एकदम. आणि बाहेर पडण्याआधी पुन्हा बोळात रांग लागली, एकाच दारापुढे. ज्यांना थांबवेना ते पुरुष मागच्या भिंतीकडे, थेट पाण्याकडे गेले.

दारात मी पाहिलं, लव्हडे बाई काकांच्या कोटाची कॉलर नीट करत होत्या.

"धुतोस का हा कधी?"

"शिंपल्यांचा वास आहे. जात नाही."

"बापाचाही जायचा नाही."

---

मंगळवारी सकाळी मी आधी ऑफिसला फोन केला. वरिष्ठांना चॅपलच्या टाकीचं सांगितलं आणि नमुना पुढे ढकलता येईल का विचारलं.

"नमुन्याची जागा तिथे का ठेवली आहे?" ते म्हणाले.

"त्या नळीमुळे."

"मग नळीतून काही आलं तर ते आपल्याला दिसायला हवं की नको?"

मला त्यात चूक सापडली नाही. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

धक्क्यावर हेडली काका बोट घेऊन तयार होते. दाढी केलेली होती. बोटीच्या बाकावर कागदात गुंडाळलेला एक केशरी पाव होता.

"ताईने आणून ठेवला," ते म्हणाले. "मी यायच्या आधी. तिला वाटतं मी न्याहारी करत नाही."

"करता का?"

"नाही."

आम्ही चॅपलच्या भिंतीकडे निघालो. ओहोटी पूर्ण लागली होती, वारा नव्हता. नळीच्या तोंडाशी चिखलावर राखाडी साय धरली होती आणि तिची एक पट्टी पाण्यावरून सरळ आमच्या पहिल्या दोरापर्यंत आली होती. नळीतून अजून थेंब पडत होते. काकांनी इंजिन बंद केलं. वास यायला लागला होता. ते बराच वेळ नळीकडे बघत राहिले. मग त्यांनी सभागृहाच्या खिडक्यांकडे पाहिलं, जिथे आतमध्ये खुर्च्या अजून तशाच मांडलेल्या होत्या.

"चहा," ते म्हणाले.

मी पेटीचं झाकण उघडलं.

"तिकडच्या टोकाला, सहाव्या रांगेत, पाणी काचेसारखं आहे," काका म्हणाले. आणि मग, मी उत्तर द्यायच्या आतच, "नको. मी विचारलं नाही असं समज. घे जिथून घ्यायचा तिथून."

मी दोर ओढला, शिंपले काढले, समुद्राच्या पाण्यात धुतले, पिशवीत भरले, पेटीत बर्फावर ठेवले. तापमान लिहिलं. काकांनी पावाचे दोन तुकडे केले आणि एक मला दिला. आम्ही तो खाल्ला.

"हे असं झालंय ते तिला सांगू नकोस," ते म्हणाले. "आकडा काय यायचा तो येऊ दे, पण नळीचं नको. तिच्या डोक्यात येणार नाही आपण होऊन. तिला वाटेल पाऊस झाला असेल वरती."

मी मान डोलावली.

"इतक्या वर्षांनी सभा भरवली तिने," ते म्हणाले. "माझ्यासाठी."

परत येताना लव्हडे बाई चॅपलच्या पायरीवर उभ्या होत्या. हातात बादली आणि झाडू. त्यांनी काकांना हात केला. काकांनी टोपी काढली. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी हातातली पेटी दुसऱ्या हातात घेतली, आणि त्या आत गेल्या.

दुपारी नळ्या भरून उबेला ठेवल्या. बुधवारी पिवळ्या झालेल्या नळ्यांतले थेंब ताटल्यांवर ओढले. त्याच दिवशी मारिनसचा निरोप आला, काकांनी तो मला पुढे पाठवला: 'बातमी मिळताच कळव. ट्रकवाल्याला शुक्रवारी हो किंवा नाही सांगायचं आहे.' त्याखाली काकांनी एवढंच लिहिलं होतं की काल रात्री तिसऱ्या रांगेतले दोन दोर तुटले.

गुरुवारी सकाळी मी ताटल्या उजेडात धरून पाहिल्या. दुसऱ्या सहकाऱ्यानेही पाहिल्या, कारण दोघांनी पाहायचं असतं.

नमुना दहावा. काळे शिंपले, पेनहॅरो खाडी, चॅपलजवळची जागा. पहिली रांग, पाचपैकी पाच. दुसरी रांग, पाचपैकी तीन. तिसरी रांग, पाचपैकी शून्य. तक्त्याप्रमाणे शंभर ग्रॅम मांसामागे सातशे नव्वद.